डावीकडे पाव इंच

"गाठ कधीपासून जाणवतेय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस," रत्नाआत्या म्हणाली.

"गौरीपासून," मी म्हणाले.

खोलीत डॉक्टरबाई, सिस्टर आणि आत्या अशा तिघी होत्या. तिघींनी एकदमच माझ्याकडं बघितलं. मार्च चालू होता. गौरी-गणपती होऊन सहा महिने उलटले होते. हे आपण बोललोय, हे मला बोलून झाल्यावर कळलं. त्या वर्षी मी आठवीत होते आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आले होते. बक्षीस म्हणून एक भलंमोठं घड्याळ मिळालं होतं, जे आमच्या एकाही भिंतीवर मावत नव्हतं. तेव्हापासून माझा असा समज झाला होता, की समोरून प्रश्न आला की उत्तर द्यायचंच. शेजारच्या काकूंनी पाणी किती वाजता येतं विचारलं, तरी मी 'अध्यक्ष महाराज' म्हणायच्या बेतात असायची.

"तुला कसं माहीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मापं मी लिहिते."

आत्यानं टेबलाखाली माझं मनगट धरलं. चिमटा नाही काढला, नुसतं धरलं. डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, आधी लिहिलेलं खोडलं आणि त्याच्यावर दुसरं काहीतरी लिहिलं. पुढं काही विचारलं नाही.

मापं म्हणजे ब्लाउजची. माझी आई तासगावात ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, दाराला पडदा, पडद्याआड आरसा. आईचे दोन्ही हात टेपात अडकलेले असतात, म्हणून ती आकडे सांगते आणि मी वहीत लिहिते. छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. पाचवीपासून हे खातं माझ्याकडं आहे. पाचवीतच मी आमच्या वर्गशिक्षिकांच्या कमरेचा आकडा मधल्या सुट्टीत जाहीर केला होता, आणि तोही कौतुकानं, कारण एवढा मोठा आकडा मी तोवर लिहिलाच नव्हता. संध्याकाळी आईनं मला दोन ठेवून दिल्या आणि सांगितलं, जे दिसेल ते वहीत लिहायचं, तोंडातून बाहेर काढायचं नाही.

बायका आईकडं यायच्या त्या शिलाईइतक्याच या नियमासाठी. कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीवर जुन्या भाजल्याचा डाग आहे, सगळं आईला माहीत असायचं आणि त्या हिशेबानं ती कापड बेतायची. खांदा उतरलेला असला तर आतून एक पट्टी. डाग असला तर मागचा गळा दोन बोटं वर. बाई आरशात बघून म्हणायची, छान बसलंय. आईनं काय झाकलंय ते त्या बाईलासुद्धा कळायचं नाही.

रत्नाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, आणि बोलण्यात माझ्याही चार पावलं पुढं होती. गौरीच्या साडीवरचं ब्लाउज शिवायला ती आली तेव्हाही मी वही घेऊन बसले होते. छातीवरची चुणी, म्हणजे टक्स, कुठं घ्यायचा ते बघायला आईनं टेपासकट बोटं टेकवली आणि ती थांबली. इतकी थांबली, की मी मान वर करून बघितलं. मग म्हणाली, "डावीकडे पाव इंच जास्त लिही." मी विचारलं, एकाच बाजूला का? आईनं माझ्याकडं फक्त बघितलं. मी लिहिलं.

दिवाळीला अर्धा इंच. संक्रांतीच्या काळ्या साडीवरच्या ब्लाउजला पाऊण. तिन्ही ब्लाउज आत्याला अशी बसली, की शेडवरच्या दोघीजणी तिचं बघून आमच्याकडं शिवायला आल्या.

फेब्रुवारीत शेडवर बायकांची तपासणी करायला सरकारी नर्स आली. तिनं आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मिरजेला दाखवून या. मिरजेत फोटो झाला, सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठीचा तुकडा काढून तपासावा लागेल. बायोप्सी. हा शब्द आमच्या घरात सगळे असा हळू उच्चारायचे, जणू जोरात म्हटला तर तो आत येऊन बसेल.

सोबत कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. आत्याचा नवरा, त्याला आम्ही मामा म्हणतो, द्राक्षांची गाडी घेऊन बेंगळुरूला गेला होता. बाबांची कारखान्यात पाळी होती. आत्या म्हणाली, वहिनी येतील की. आणि आई म्हणाली, लग्नाची शिवण आहे, अकरा ब्लाउज उद्या द्यायचीत, मला जमणार नाही. आई आत्याला कशाला नाही म्हणालेली मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आत्या म्हणाली, "असू दे. समी येईल. डॉक्टरला दोन भाषणं ऐकवील."

मला आईचा इतका राग आला होता, की सकाळी निघताना मी तिच्याशी बोललेच नाही. तिनं डब्याबरोबर एक घडी केलेलं सुती ब्लाउज पिशवीत घातलं. सैल, पुढून हुक असलेलं. ते घालून जा म्हणावं, मानेवरून काढावं लागायला नको, एवढंच म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. दारापर्यंतही आली नाही.

तर ती मिरजेतली खोली. मोठं कुणी नाही का सोबत, असं सिस्टरनं विचारलं, तेव्हा आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की हीच मोठी आहे. पोर आत चालणार नाही म्हणून बरीच वादावादी झाली. शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, डोक्याशी उभी राहा, आत्याच्या तोंडाकडं बघायचं, इकडं बघायचं नाही. आत्या उताणी झोपली, डावा हात डोक्यावर. डॉक्टरबाई प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. आता गार लागेल. आता सुई टोचेल, मुंगी चावल्यासारखी, मग थोडं चुरचुरेल, मग ती जागा बधिर होईल. मग त्यांनी एक पिस्तुलासारखं यंत्र हातात घेतलं आणि आधी हवेतच वाजवून दाखवलं. टक्. शाळेतल्या स्टेपलरसारखा आवाज. "हा आवाज ऐकून दचकायचं नाही. चारपाच वेळा येईल. दुखणार नाही, दाबल्यासारखं वाटेल," त्या म्हणाल्या.

"बोललेलं चालेल का?" आत्यानं विचारलं.

"बोला, पण हलू नका."

"मी नाही, ही बोलेल. समे, ते बक्षिसाचं भाषण म्हण."

भाषणाचा विषय होता 'मोबाईल – शाप की वरदान'. मी आत्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ते म्हणायला लागले. विज्ञानाच्या या युगात, टक्. आजचा विद्यार्थी, टक्. दर टक्ला माझं एक वाक्य हरवत होतं आणि आत्या ओठ न हलवता म्हणत होती, पुढं, पुढं. सगळ्या तालुक्यासमोर मी जे एका दमात म्हटलं होतं, त्याचा शेवट मला तिथं आठवला नाही. सिस्टरनं एक छोटी बाटली उचलून उजेडात धरली. आतल्या पाण्यात शेवयांच्या तुकड्यांसारखं पांढरं काहीतरी तरंगत होतं. एवढंसंच होतं.

नंतर सिस्टर त्या जागेवर तळहात दाबून दहा मिनिटं उभी राहिली. तेवढ्यात आत्यानं तिचं माहेर, तिची सासू, तिच्या पोराचा चष्म्याचा नंबर, सगळं काढून घेतलं. मग पट्टी लावली. घरी गेल्यावर काय करायचं ते मी लिहून घेतलं, कारण लिहिणं माझंच काम होतं. पट्टी दोन दिवस भिजवायची नाही. रुमालात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ शेकायचं. आतलं घट्ट घालूनच झोपायचं, म्हणजे ओढ बसत नाही. त्या हातानं घागर उचलायची नाही. जागा काळीनिळी होईल, त्याला घाबरायचं नाही, पण रक्त थांबलं नाही किंवा ताप आला तर लगेच यायचं. रिपोर्ट आठ दिवसांनी.

स्टँडवर आत्यानं दोन गारेगार घेतले, ते प्लास्टिकच्या नळीतले. एक मला खायला दिला. दुसरा रुमालात गुंडाळून पदराखाली धरला आणि म्हणाली, "डॉक्टरनं बर्फ सांगितलाय, रंग कुठला ते नाही सांगितलं." नारिंगी होता. सांगली मागं पडेपर्यंत आम्ही हसत होतो.

मग हसणं संपलं आणि मला रडायला आलं. मी म्हणाले, आत्या, मी ते गौरीचं बोलायला नको होतं.

"बरं झालं बोललीस. खरं ते लिहिलं गेलं." ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर द्राक्षांच्या बागा मागं मागं पळत होत्या. "मला ठाऊकच होतं गं. आंघोळीला बसलं की हाताला लागायचं. गौरीला ब्लाउज शिवायचं निमित्त केलं. तशी माझ्याकडं तीन पडून होती. म्हटलं, वहिनीच्या हाताखालून गावातल्या सगळ्या बायका गेल्यात, तिला कळेल काय आहे ते. हात थांबला तिचा. मी पण थांबले. म्हटलं, आता बोलेल. ती म्हणाली, पाव इंच जास्त."

मी गारेगारची रिकामी नळी बोटाला गुंडाळत राहिले.

"मला वाटलं, पाव इंचाचंच असेल मग. काही वाईट असतं तर वहिनी बोलली असती. दिवाळीला पुन्हा गेले, संक्रांतीला पुन्हा गेले. ती माप घ्यायची आणि मी माप देऊन यायचे."

"तू का नाही विचारलंस?"

"विचारायलाच जात होते की," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वहिनीला यातलं काही सांगू नको. ती माझ्या वाटणीचं पण जिवाला लावून घेईल." मी मान हलवली.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. सकाळी कापडांचा गठ्ठा जिथं होता तिथंच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. अकरातलं एकही ब्लाउज बेतलेलं नव्हतं. कात्री डब्यातच होती. मापांची वही मात्र मशीनवर उघडी होती, आणि ती कुठल्या पानावर उघडी आहे हे मला दारातूनच कळलं, कारण आत्याच्या पानावर मी वरच्या कोपऱ्यात सूर्य काढला होता.

आईनं सगळं विचारलं. किती वेळा टोचलं, रक्त आलं का, पट्टी केवढी आहे, ब्लाउजचा हुक कुठं टोचला नाही ना. मी सगळं सांगितलं, नारिंगी गारेगारसकट. मग तिनं मशीनचं चाक उगाचच अर्धं फिरवलं.

"मला काही म्हणाली का गं ती?"

आत्याला दिलेला शब्द मला पाळायचा होता. आणि आईला बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं. बोलण्यात तर मी तालुक्यात पहिली होते. मी म्हणाले, "ती म्हणाली, वहिनीच्या हाताला काही लागलं असतं, तर वहिनी बोललीच असती. एवढा विश्वास आहे तिचा तुझ्यावर."

मला ते वाक्य फार छान जमलंय असं वाटलं. आईनं मान हलवली. चहा ठेवते म्हणून आत गेली. बराच वेळ झाला तरी गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. मी आत डोकावले तर ती ओट्याला धरून उभी होती, पातेलं हातात होतं आणि त्यात पाणीसुद्धा नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस आई सकाळ-संध्याकाळ आत्याकडं गेली. तिचं पाणी भरलं, धुणं धुतलं, वेणी घातली. दोन दिवसांनी पट्टी काढली ती आईनंच. खाली वीतभर काळंनिळं झालं होतं. आत्या शेडवरची बाई, ती रोज आरशात बघून भाव काढायची. पहिल्या दिवशी म्हणाली, काळा बेदाणा, कोण घेणार. पाचव्या दिवशी म्हणाली, हिरवा पडला, बरा भाव येईल. आठव्या दिवशी म्हणाली, आता पिवळा, एक नंबर माल. मी पोट धरून हसायची. आई खाली मान घालून तेल लावत बसायची. मला वाटायचं, माझ्या त्या वाक्यानं तिला बरं वाटलं असेल, तरी ही अशी का?

नवव्या दिवशी बाबा रिपोर्ट घेऊन आले. त्यांनी चपला न काढताच खुर्ची ओढली, त्यावरूनच आम्हाला समजलं. कॅन्सर होता. काखेतही गेला होता. सहा महिने आधी आला असता तर, असं डॉक्टरबाई काहीतरी म्हणाल्या, एवढं सांगून बाबा थांबले. आईनं मापांची वही उचलली आणि कपाटात सगळ्यात खाली, रजयांच्या मागं ठेवली. पुढचे कितीतरी दिवस मी मापं पाठकोऱ्या कागदांवर लिहिली.

आधी औषधं झाली. आत्याचे केस गेले. मग जुलैत ऑपरेशन झालं आणि डावी बाजू काढून टाकली. गणपती आले तेव्हा ती डोक्याला रुमाल बांधून, हातात साडीची पिशवी घेऊन आमच्या दारात उभी होती. म्हणाली, गौरीचं ब्लाउज शिवायचंय, वही काढा.

आईनं रजयांच्या मागून वही काढली. मी ते सूर्याचं पान उघडलं. पडदा ओढला. आत्याला हात फार वर करता येत नव्हता, तरी तिनं जमेल तेवढा केला. आईनं टेप लावला. कंबर सांगितली, उंची सांगितली, मुंढा सांगितला. मग उजवीकडचा टक्स सांगितला. मग टेप डावीकडं नेला आणि ती थांबली.

मी पेन धरून बसले होते. बाहेर कुणाच्या तरी घरी आरती चालली होती.

"शून्य लिही गं, समे," आत्या म्हणाली. "सोपं माप आहे."

आईनं टेप सोडला. तो जमिनीवर पडला आणि आपोआप गुंडाळल्यासारखा झाला. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही समूला म्हणाला होतात, वहिनीच्या हाताला लागलं असतं तर ती बोलली असती. लागलं होतं. गौरीलाच लागलं होतं. दिवाळीला पण. मी ब्लाउज मोठं करत गेले."

आत्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. ती म्हणाली होती 'काही वाईट असतं तर', 'हाताला लागलं असतं तर' नव्हे, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता ती सांगणार, की ही पोरगी खोटं बोलली, असं मला वाटलं.

"म्हणाले असेन," आत्या म्हणाली. "मला ठाऊक होतं, वहिनी. तुमचा हात थांबलेला मला कळत नाही होय? मी पण तोंड मिटूनच उभी होते की. उचला तो टेप. हात वर करून अवघडलाय माझा."

आईनं टेप उचलला. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात टेपात होते. तिनं आत्याच्या सपाट बाजूवर टेप पुन्हा लावला. टाक्यांच्या रेषेवर बोटं ठेवली आणि या वेळी ती काढली नाहीत. खूप वेळ तशीच ठेवली.

"शून्य नको लिहू," आई मला म्हणाली. "उजवीकडे आहे तेवढंच लिही. बाकीचं मी भरून काढते."

त्या ब्लाउजला तिनं आतून एक कप्पा शिवला आणि त्यात कापसाची उशी घातली. उशी हलकी पडायची, ब्लाउज वर चढायचं, म्हणून तिनं कापसात मूठभर मोहरी घातली. आत्यानं ते घालून आरशात वळून वळून बघितलं. म्हणाली, "छान बसलंय. आणि फोडणीला मोहरी संपली तर शेजारी जायला नको."

तेव्हा आई हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच.

ते ब्लाउज आत्यानं एकाच गौरीला घातलं. पुढच्या चैत्रात ती गेली. मामानं तिच्या साड्या आमच्याकडं आणून दिल्या, त्यात ते होतं. आईनं कप्पा उसवून उशी काढून ठेवली. ती मशीनच्या खणात आहे, बॉबिनच्या डब्याशेजारी. हात लागला की आतली मोहरी सरकते.

मी आता दहावीत आहे. मापं अजून मीच लिहिते. गेल्या महिन्यात एक नव्या बाई आल्या होत्या, चांगल्या घरच्या, भाचीच्या लग्नाचं ब्लाउज घेऊन. पडद्याआड आकडे चालले होते आणि मधेच आवाज थांबला. मी पेन खाली ठेवलं.

"बाई, राग मानू नका," आई म्हणाली. "इथं हाताला काहीतरी लागतंय. ब्लाउज मी शिवते, पण आधी मिरजेला दाखवून या."

बाईंनी पदर सावरला, कापड उचललं आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. मी विचारलं, त्यांचं पान फाडू का?

"राहू दे," आई म्हणाली आणि टेप गळ्यात टाकून मशीनवर जाऊन बसली.